बसण्याआधीची फेरी

जन्मभर विमानं उडवून मी इंझोरीला परतलो, पण सवय सुटली नाही. बैलबंडीत बसण्याआधीही तिच्याभोवती फेरी मारतो, चाकाची खीळ हलवून बघतो. गाव मला येडा म्हणतं. सगळ्यात मोठ्यानं हसते ती माझी थोरली बहीण, पंचफुलाताई. नातीच्या लग्नाला विमानानं जायचं ठरलं आणि तिचं हसू पळालं. “आभायात इंजिन बंद पडलं तं?” “एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरते, ताई. मले भेव इंजिनाचं नाही, न पाहता उडवणाऱ्या माणसाचं हाय.” आज नागपुरात, विमानाच्या शिडीपाशी, तिचं पाऊल उचलेना. मागं रांग खोळंबली. तेवढ्यात तिला पंखाखाली वैमानिक दिसला; विमानाभोवती फेरी मारत तो वाकून चाकं तपासत होता. ताई खदखदून हसली, पदर खोचून शिडी चढू लागली. “चाल रे, बसू. हा बी तुयासारखाच येडा हाय!”