हात बरा होता

बायकोने जीव दिल्याचं कळलं, त्याच दुपारी ती कामाला होती त्या लाँड्रीचे सुपरवायझर घरी आले. वर्षापूर्वी तिथेच चादरींच्या गरम रोलरमध्ये तिचा हात सापडला होता. जखम भरली, तरी ती भर उन्हाळ्यातसुद्धा घरात पंखा फिरू द्यायची नाही.

सुपरवायझर पाणी प्यायले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "भाऊ, एवढी सही द्या. हात बरा झाला होता, मशीनचा काही संबंध नाही, एवढंच लिहिलंय."

मला त्या माणसाची शिसारी आली. "तिला अजून घरी आणलं नाही आणि तुम्ही सही मागता? लाज कशी वाटत नाही?"

"मी काय वेगळं बोलतोय? हात भरल्यावर परत कामावर आल्या, तेव्हा वहिनी मशीनपुढे थरथरत होत्या. मी तुम्हाला बोलावून म्हटलं, घरी घेऊन जा. तुम्हीच म्हणालात, हात बरा झालाय, आता नाटकं करते, उभी करा परत."

मी सही केली नाही, पण त्यांना बाहेरही काढू शकलो नाही. शिसारी गेली नव्हती. फक्त आता ती त्यांची येत नव्हती.

"अहो, मला मनाच्या डॉक्टरांकडे न्या," असं ती गेल्या महिन्यात म्हणाली होती. न्यायचं राहून गेलं.