आईमार्फत

"आई, त्याला सांग, प्रोसेसर बसत नाहीये."

धाकटा जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला उभा होता, थोरला दुसऱ्या. मध्ये कॉम्प्युटरचं उघडं कॅबिनेट आणि त्याच्याशेजारी आई.

"बसत नाहीये म्हणतो," आई म्हणाली.

थोरल्याने ते आधीच ऐकलं होतं. तरी आईचं बोलून होईपर्यंत तो थांबला. "त्याला विचार, बोर्ड काय डोळे मिटून आणलास?"

"बोर्ड नीट बघून आणलास ना रे?" आईने विचारलं. निरोप पोचवताना त्यातले खडे ती वेचून टाकायची.

दोघा भावांनी वर्षभर अबोला धरला होता. धाकट्याने थोरल्याची नवी मोटार मागे घेताना फाटकावर घातली आणि वर म्हणाला, फाटकच चुकीच्या जागी आहे. ते फाटक थोरल्याने स्वतः उभं राहून बसवून घेतलं होतं.

आई शिवणाचा वर्ग चालवायची. कपड्यांचे आराखडे पडद्यावर काढता यावेत म्हणून तिला कॉम्प्युटर हवा होता. पण तयार नको, घरीच जोडा, असा तिचा हट्ट. थोरल्याने प्रोसेसर आणायचा, धाकट्याने मदरबोर्ड. या निमित्ताने तरी एकमेकांशी बोलतील, एवढीच तिची आशा. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापल्या दुकानातून खरेदी केली. प्रोसेसर एका कंपनीचा आला आणि बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला. दोन्ही वस्तू एक नंबर. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही.

"त्याला म्हणावं, बोर्ड बदलून आण."

"त्यालाच म्हणावं, प्रोसेसर बदल. माझा बोर्ड भल्याभल्यांनी वाखाणलाय."

"त्याच्या बोर्डासाठी मी प्रोसेसर बदलू? त्यापेक्षा घर बदलतो म्हणावं!"

आई थकली. "राहू दे बाळांनो," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आपली कागदावरच काढत जाईन." आणि तिने कॅबिनेटवर जुनी चादर पांघरली. मेलेल्या माणसावर घालावी तशी.

ते दोघांच्याही जिव्हारी लागलं. पण बोलणार कोण?

रविवारी सकाळी दोघेही काखेत खोकं मारून हजर. दोघांच्याही चेहऱ्यावर मोठं मन केल्याचं तेज. आई खिडकीशी काज करत बसली होती. तिने मान हलवून दोघांना बसायची खूण केली. सकाळी तिचं मौन असतं, हे दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं.

खोकी उघडली. थोरल्याने आपला प्रोसेसर परत करून धाकट्याच्या बोर्डाला चालणारा नवा आणला होता. धाकट्याने तो बोर्ड परत करून थोरल्याच्या जुन्या प्रोसेसरला चालणारा बोर्ड आणला होता. टेबलावर पुन्हा दोन उत्तम वस्तू, आणि पुन्हा एकीचा दुसरीशी संबंध नाही.

"आई, याला विचार..." थोरल्याने सुरुवात केली.

आईने ओठांवर बोट ठेवलं.

"आई, निदान याला एवढं तरी..." धाकटा अजिजीने म्हणाला.

आईने बोट हलवलं नाही.

दोघं बोर्डाकडे बघत राहिले. शेवटी थोरला फुटलाच.

"मूर्खा, तू कशाला बदललास?"

"तू कशाला बदललास? जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीस. आजच माणसात येशील हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"फोन करता येत नव्हता?"

"तू उचलला असतास?"

"नसता उचलला. पण तू करायचास तरी!"

मग फाटक निघालं. मोटार निघाली. लहानपणी कुणी कुणाची दुर्बीण फोडली तेही निघालं. आवाज इतके चढले की शेजारीण गॅलरीत येऊन उभी राहिली. अखेर थोरल्याने दोन्ही खोकी उचलली.

"चल, ऊठ. दोघं मिळून एकाच दुकानात जाऊ."

"गाडी मी काढतो."

"हात लावून तर बघ!"

भांडत भांडतच दोघं जिना उतरले. त्यांचं भांडण रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. आईने डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि देवाकडे तोंड करून हळूच कान पकडले. तिचं मौन, पोरं यायच्या कितीतरी आधी, सकाळची प्रार्थना आटोपली तेव्हाच सुटलं होतं.