आंब्याची तोडणावळ

कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा दिनानाथ चहा पीत होता. कप तसाच ठेवून तो मागच्या दारात आला. अंगणात आंब्याच्या बुंध्याशी सिताराम उभा होता. उघडाबंब, डोक्याला फडकं बांधलेलं. दुसरा घाव घालण्याआधी त्यानं दोन्ही तळहातांवर थुंकून घेतलं.

‘म्हातारी गेली वाटतं,’ दिनानाथ आत वळून बायकोला म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, आणि तेही धड वाटायच्या आत त्याला गवंडी आठवला.

घर अगदी नवं होतं. पण मागच्या भिंतीला वर्षाच्या आत चीर पडली. आंब्याची मुळं पायाखाली शिरलेली, आणि पावसाळा तोंडावर आलेला. झाड काढायला काय पडेल म्हणून दिनानाथनं दोघातिघांना विचारून पाहिलं. तुर्भ्याच्या माणसानं साडेतीनशे सांगितले. फांद्या दोरानं उतरवायचे वेगळे, मुळं उकरायचे वेगळे, आणि एवढं घेऊन वर लाकूडही त्याचंच. दिनानाथ रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. घासाघीस त्याला काही नवी नव्हती. तरी तो माणूस तीनशेच्या खाली उतरेना.

मग नाल्यापलीकडच्या गावातून सिताराम आला. आंबा मुळात त्याच्याच शेताच्या बांधावरचा. शेत सरकारनं घेतलं, तिथं प्लॉट पडले आणि आंबा दिनानाथच्या वाट्याला आला. सितारामनं तोडायचा एक पैसाही मागितला नाही. त्याला लाकूड तेवढं हवं होतं. त्याची बायको सगुणा महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. आपल्याच आंब्याच्या लाकडावर जळायचं, एवढंच तिचं मागणं होतं. सितारामची अट एकच. ती आहे तोवर झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. माणूस जिवंत असताना त्याच्या सरणाचं लाकूड त्यांच्यात कुणी तोडत नाही.

दिनानाथनं आठ दिवसांची मुदत दिली. नवव्या दिवशी गवंडी यायचा होता. आठ दिवसांत नाही जमलं तर दुसऱ्या कुणाकडून तरी तोडून घेईन, असंही त्यानं सांगून ठेवलं. सितारामनं मान डोलावली. एकदम तीनशे रुपये वाचले, शिवाय म्हातारीची इच्छा पुरी केल्याचं पुण्य, अशा समाधानात दिनानाथनं त्या दिवशी येताना पाव किलो पेढेसुद्धा आणले होते.

वैजयंती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. नाल्यापलीकडं कान देऊन म्हणाली, ‘अहो, रडणं कुठं ऐकू येतंय? आणि बायको गेलेला माणूस स्वतः कुऱ्हाड घेऊन येईल का?’

दिनानाथ चपला न घालताच अंगणात उतरला.

‘बाबा, आजी...?’

‘हाय,’ सिताराम म्हणाला. ‘सकाली दोन घोट पेज घेतली.’

त्यानं तिसरा घाव घातला. ढलपी उडून दिनानाथच्या पायाशी पडली. आतलं लाकूड ओलं होतं.

‘मग हे काय करताय?’

‘आज आठवा दिस. शबूद दिलेला तुमाला.’

आठ दिवस म्हणताना दिनानाथच्या डोळ्यांपुढं गवंडी होता, सिमेंटच्या गोण्या होत्या, भिंतीची चीर होती. आठ दिवसांत एका बाईनं मरावं असं आपण तिच्या नवऱ्याला तोंडावर सांगून बसलो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

‘थांबा हो, थांबा,’ तो पुढं होऊन म्हणाला. ‘मी गवंड्याला सांगतो. महिना जाऊ दे, दोन महिने जाऊ देत. भिंतीचं बघता येईल नंतर.’

सितारामनं ऐकलं नाही. चौथा घाव घातला, पण तो जेमतेम सालीत रुतला. आयुष्यभर लाकडं फोडलेला माणूस, त्याचा हात आज चालत नव्हता.

‘बाबा,’ वैजयंती दारातूनच म्हणाली, ‘आजींना आवाज जात असेल हो हा.’

‘जातो ना. कान शाबूत हायत तिचे.’

‘मग कशाला करता असं?’

सितारामनं कुऱ्हाड खाली टेकवली आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर दिनानाथला बरं वाटलं असतं.

‘तिनंच धाडलं,’ तो म्हणाला. ‘मी नको बोललो तिला. असं करत नाय आपल्यात. तर आयकंना.’

‘पण का?’

‘तिची खाट दाराशीच हाय. सायेब, तुमी रोज कामाला निंगताना नाल्यापाशी येता. उभं रहाता, आमच्या दाराकडं बघता नि जाता. ती बघते तुमाला.’

दिनानाथची मान खाली गेली. वैजयंती नवऱ्याकडं पाहतच राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सितारामनं फडकं सोडून तोंड पुसलं.

‘काल रडत व्हती. म्हनली, माजा जीव काय लवकर जात नाय. तो मानूस रोज येतो नि तसाच परत जातो. किती दिस हेलपाटे घालंल तो? जा, झाड तोडून दे. त्याला तरी मोकला कर.’