भीतीचा परिच्छेद

"मावशी, रात्री तुम्ही दरोडे घालायला जाता का हो? दिवसभर नुसत्या पेंगत असता, म्हणून विचारलं."

मागच्या सीटवरच्या तिघींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर हे विचारून दाखव. आणि पैज लागल्यावर भोंगा गप्प बसला, असं कधी झालंच नव्हतं. भोंगा म्हणजे तीच. वक्तृत्वात पहिली आल्यापासून वर्गाने ठेवलेलं नाव. ती ते खुशाल मिरवायची.

शाळेच्या बसमध्ये पोरांची चढ-उतार सांभाळणाऱ्या मावशींनी दांडीला टेकलेलं डोकं उचललं. मागे फिदीफिदी सुरू झालं.

"दरोडा कुठला गं बाई!" मावशीही हसल्या. "पहाटे साडेतीनला उठते. दोन गाड्या बदलून इथे पोचते. सकाळची शाळा माझी, दुपारचीही माझीच. घरी जाईपर्यंत लेक झोपलेली. जागी असलेली मला ती रविवारीच दिसते."

"मग इथेच राहायला या ना!"

"येतेच आहे की! तुमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत स्वस्तातली घरं होणार आहेत ना, यादीत नाव लागलंय माझं." मावशींची झोप पार उडाली होती. मग त्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "पण आज संध्याकाळी सुनावणी आहे म्हणे. कॉलनीने अर्ज दिलाय, तसले लोक आले तर आमच्या पोरींना भीती वाटते म्हणून. खरंच वाटते का गं? मी घेईन काळजी. तुमचा क्लास सुटला की रोज घरापर्यंत सोडायला येत जाईन."

भोंग्याने दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मागून कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलीस!"

अर्ज तिनेच लिहिला होता.

पाणी पुरणार नाही, रस्त्यावर गर्दी होईल, ही कारणं अधिकाऱ्यांनी आधीच उडवून लावली होती. मग कॉलनीचे सेक्रेटरी, म्हणजे तिचे बाबा, जेवताना म्हणाले, "मुलींचं काहीतरी लिही. तुझ्या पेनात जादू आहे." तिने खुर्चीवर मांडी घालून वीस मिनिटांत लिहून टाकलं. 'अंधार पडू लागला की त्या वाटेवर आमच्या काळजात आताच धस्स होतं. उद्या अनोळखी नजरा आल्यावर आम्ही घराबाहेर पडायचं कसं?' त्या जागेत ती सायकल शिकली होती. तिथे तिला आजवर घाबरवलं होतं ते फक्त एका कुत्र्याने, आणि तो कुत्रा कॉलनीच्या अध्यक्षांचा होता. पण अर्ज ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. घराघरातून सह्या झाल्या. आज सभागृहात, स्टेजवर बसलेल्या बाबांच्या शेजारी उभं राहून तो तिनेच वाचायचा होता.

बसमधून उतरताना मावशींनी नेहमीसारखा तिचा दंड धरला. "सावकाश गं," त्या म्हणाल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी आई तिच्या पांढऱ्या ड्रेसला इस्त्री करत होती. बाबा अर्ज हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते.

"आलीस? हे बघ, तिसऱ्या, त्या भीतीच्या परिच्छेदाला आवाज जरा कापरा कर. अधिकारी तिथेच विरघळणार."

"बाबा, हे खोटं आहे. मी मनानेच लिहिलंय."

"अगं, अर्जात थोडं वाढवूनच लिहायचं असतं."

"आणि आता माघार कशी घेणार?" आई इस्त्री उभी करत म्हणाली. "एवढ्या लोकांनी सह्या केल्यात. तुझ्या शब्दावर."

"म्हणून तर." तिने बाबांच्या हातातून अर्ज काढून घेतला. "मी येणार आहे. माईकवर बोलणारही आहे. हा परिच्छेद मी रचलाय, त्या जागेत आम्हाला कुणालाच कधी भीती वाटलेली नाही, एवढंच सांगणार आहे. बाबा, तुम्ही स्टेजवर बसायचं की नाही, ते आत्ताच ठरवा."