होल्डचा मेसेज

"चोर म्हणा ना सरळ! आडून आडून कशाला बोलताय?" वकीलबाईने काउंटरवर हात आपटला.

"म्हणतोच. चोर आहात तुम्ही." समोरच्या माणसाने मोबाइल तिच्या नाकाशी धरला. "वाचा. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. माझ्या खात्यातले तीन हजार, तुमच्या लॉजच्या नावावर. आणि मी या गावात पहिल्यांदा पाय ठेवतोय, तो आज सकाळी."

वकीलबाई हे तिचं खरं नाव नव्हे, लॉजच्या मालकाने ठेवलेलं. भांडणात ती कुणाला जिंकू द्यायची नाही म्हणून. पाच वर्षं ती काउंटर सांभाळत होती, आणि पाच वर्षं रोज सकाळी याच एका गोष्टीवरून डोकेफोड. डेबिट कार्डावरचा होल्ड. खोली देताना कार्ड मशीनला लावायचं, डिपॉझिट म्हणून तीन हजार अडकवायचे, खोली सोडली की सोडायचे. ते सुटायला बँक आठ-आठ दिवस लावणार आणि शिव्या खायच्या काउंटरने. गेल्या आठवड्यात असेच पैसे अडकले म्हणून एका गिऱ्हाइकाचं परतीचं तिकीट निघेना. तो थेट मालकाकडे गेला. मालक हिला म्हणाला, "आणखी एक तक्रार आली ना, की वकिली घरी बसून करायची."

तिने माणसाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. चुरगळलेला शर्ट, लालभडक डोळे, रात्रभर न झोपल्यासारखे. हातात गाडीची किल्ली. बॅग नाही, साधी पिशवीसुद्धा नाही. नुसता भांडायलाच आलाय मेला, ती मनात म्हणाली.

"कापलेले नाहीत ते पैसे. होल्डवर आहेत. खोली सोडली की सुटतात."

"वा! माझ्याच खात्यात माझेच पैसे कोंडायचे आणि वर म्हणायचं कापले नाहीत. कार्ड तरी आलं का इथे? की हवेतूनच नंबर उचललात?"

"आलं की! याच मशीनला लागलं. पिन दाबलाय."

"कुणी? तुम्हीच दाबला असेल."

"जिचं कार्ड तिनेच दाबला. आत्ता तुम्ही उभे आहात ना, तिथेच उभी होती बाई."

"कोण बाई? नाव सांगा."

"गिऱ्हाइकाचं नाव आम्ही सांगत नसतो." एवढं तिला अजून भान होतं.

"कारण बाईच नाही!" तो मोठ्याने हसला. फरशी पुसत असलेल्या म्हाताऱ्याकडे वळला. "ऐकलंत काका? बाई होती म्हणे! ही गोष्ट पोलिसांना सांगा आता. आणि आधी तुमच्या मालकाचा नंबर द्या."

मालकाचं नाव निघालं आणि वकीलबाईचं डोकं सणकलं.

"बाई नाही? अहो, ती तर रोख द्यायला तयार होती! दहादा म्हणाली, रोख घ्या, दुप्पट घ्या, पण कार्ड नको. मीच ऐकलं नाही. म्हटलं, नियम म्हणजे नियम. खांद्यावर पोरगी झोपलेली, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. उभं राहवत नव्हतं, भिंतीला टेकली होती. तेव्हा कुठे कार्ड काढलं. आणि मलाच विचारते, याचं कुणाला काही कळत नाही ना? म्हटलं, अहो ताई, पैसेच कापत नाहीत, कळणार कुणाला?"

माणूस हलला नाही. फक्त किल्लीवरची मूठ घट्ट झाली.

"छान रचलंत," तो म्हणाला. "आणि आता कुठाय ही बाई? पहाटेच पळाली असेल, नाही का?"

"पळेल कशी? पोरीला ताप आहे. वरच आहे." तिने रजिस्टर गर्रकन त्याच्याकडे फिरवलं आणि ओळीवर बोट टेकवलं. "हे बघा. नऊ नंबर. ही तिची सही. बसला विश्वास?"

माणूस वाकला. सही पाहिली. बराच वेळ पाहत राहिला. मग मोबाइल खिशात टाकला. बोलला तेव्हा आवाज इतका खाली आला होता की पुसता पुसता म्हाताऱ्याचा हातही थांबला.

"बसला. तुमची काही चूक नाही मॅडम. मीच उगाच बोललो."

पाच वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तक्रार टळली, नोकरी वाचली आणि भांडणही तिनेच जिंकलं होतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. उलट जरा वाईटच वाटलं बिचाऱ्याचं.

"होतं हो भाऊ असं. बसा, चहा सांगते. आणि तुमचा होल्ड मी आत्ताच्या आत्ता सोडते."

"नको," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."

आणि तो जिना चढू लागला.