दहा सेकंदांची ओळ

आपली शाळा आठवीतच सुटली, पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली खोट मला बरोबर दिसते. म्हणून माझ्या पुतणीने, चिमणीने लिहिलेली प्रोग्रॅमची चाचणी सकाळी वाचून मी शेरे दिले, आणि दुपारी चालवून बघायला तिच्याशेजारी बसलो.

चाचणी साधी होती. दोन कामं एकेक फाईल धरून बसतात आणि समोरचं त्याची कधी सोडतं याची वाट बघत अडकतात. दहा सेकंदांनी चाचणीतलीच एक ओळ त्यांना सोडवते.

मी बटण दाबलं. चिमणी चहा पिता पिता थिजली. कप ओठाला, पापणी हलेना. दहा सेकंदांनी तिने घोट गिळला.

"नाटकं पुरे गं."

"मी कुठे? काका, तुम्हीच दगडासारखे बसला होतात. हाका मारल्या तरी ढिम्म!"

परत चालवली. परत तेच. मला ती थिजलेली दिसली, तिला मी.

मी म्हणालो, "थांब, ती दहा सेकंदांची ओळ आधी दाखव."

"ती आत्ताच काढली की! तुम्हीच शेरा मारलात ना, फालतू आहे म्हणून?"

मी तिचा हात धरायला गेलो, तोवर तिने हसत बटण दाबलं.

ते हसू अजून तसंच आहे.