कडेने बघायचा तारा

“मामूच्याच मुलाशी लग्न करतेयस, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार. मामूंना रात्री दिसत नाही ना?” प्राणिशास्त्राच्या खुदेजा मॅडमनी निकाहाआधी साबेराला बजावलं होतं.

साबेरा हसली होती. “मॅडम, मामूंकडे टॉर्च आहे.”

त्याला अकरा वर्षं झाली. आता ओमानमधल्या सहम गावातल्या घराच्या गच्चीवर ती आठ वर्षांच्या लेकीला, मेहविशला, तारा दाखवत होती. शाळेचा प्रोजेक्ट होता: एक अंधुक तारा निवडून त्याचं निरीक्षण लिहायचं. मेहविशने हंस तारकासमूहातला नारिंगी तारा निवडला होता आणि पुस्तकातलं सगळं तिला पाठ होतं. सूर्याहून थंड, म्हणून नारिंगी. खरं तर दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे. उजेड इथवर यायला अकरा वर्षं.

म्हणजे मॅडम बोलल्या, साधारण तेव्हाच निघालेला.

दिसला का, असं विचारल्यावर मेहविश लगेच हो म्हणाली. कुठे, म्हटल्यावर तिने समोर बोट केलं. समोर जिन्याची भिंत होती.

“ऑरेंज आहे,” ती म्हणाली.

खालून तिच्या नवऱ्याने, साकिबने हाक मारली, यल्ला, चला लवकर, जेवण निवतंय, आणि तुझी भित्री लेक वर कशी काय टिकली म्हणून हसला. परवा जेवायला जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावरच्या ताटात पाय दिला म्हणून साबेराने पोरीला चापट मारली होती.

तिने मेहविशची हनुवटी धरून वर केली. “अंधुक तारा थेट बघायचा नसतो. जरा बाजूला बघ, मग डोळ्याच्या कडेने दिसतो.”

मेहविशने बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं.

“अम्मी, कडेला तर काहीच नसतं ना?”

बी.एस्सी.च्या पुस्तकात रक्ताच्या नात्यातल्या लग्नातून मुलांत उतरू शकणारा हा डोळ्यांचा आजार अर्ध्या पानात होता. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं, मग उरलेलं. उपायाची ओळ नव्हती. ते पान साबेराने परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

जिन्यात मेहविशने पायाने पायरी चाचपली आणि मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितला. खाली येऊन वहीत लिहिलं: तारा दिसला.

तुमच्या घरी अंधार पडला की हात न सोडणारं पोर असेल, तर त्याला आज गच्चीवर न्या. तारा दिसतो का विचारा. हो म्हणालं, तर कुठे, तेही विचारा.